कॉफी प्रिन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिका नुकत्याच पाहू लागलेल्या कुणालाही 'कॉफी प्रिन्स' सुचवली की काही प्रश्न ठरलेले येतात, आणि पाहून झाल्यावर वेगळेच येतात. दोन्ही इथे एकत्र घेतले आहेत. ज्या उत्तरात कथानक उघड होतं, तिथे प्रश्नातच तसं लिहिलं आहे. मालिका अजून पाहिली नसेल तर ती उत्तरं नंतरसाठी ठेवा.

ही मालिका कधीची आणि कुणाची?

दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर ती २ जुलै २००७ ला सुरू झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस संपली. दर सोमवारी आणि मंगळवारी रात्री एकेक भाग, असे एकूण १७ भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. मूळ कादंबरी ली सन-मी यांची. दिग्दर्शन ली युन-जंग यांचं. एमबीसीच्या मालिका विभागातल्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक मानल्या जातात, आणि मालिका बघताना त्यांची नजर सतत जाणवते. नायिका घामेजलेली, भुकेली, दमलेली दिसते आणि कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पुरुष पात्रं मात्र छान आवरून-सावरून येतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे निवांत बघत राहतो.

गोष्ट काय आहे, थोडक्यात?

गो उन-चान ही चोवीस वर्षांची मुलगी. वडील नाहीत, आई खर्चीक आणि भोळी, धाकटी बहीण उन-से अजून शिकतेय. घर उन-चानच्या कमाईवर चालतं. ती पहाटे दूध टाकते, दुपारी चिनी हॉटेलातल्या जेवणाची डिलिव्हरी करते, लहान मुलांना तायक्वांदो शिकवते आणि रात्री घरी बसून हाताने करायची किरकोळ कामं घेते. केस बारीक कापलेले, कपडे सैल, चाल मुलासारखी. लोक तिला मुलगाच समजतात. ती कुणाची चूक दुरुस्त करत बसत नाही, कारण तेवढी उसंत तिला नसते.

चोई हान-ग्योल हा कॉफी आणि खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या मालकीणबाईंचा नातू. अमेरिकेतून परतलेला, खेळण्यांचा आणि लेगोचा नाद असलेला, कामधंदा टाळणारा. आजीला त्याचं लग्न लावायचं आहे. मुली बघण्याचे कार्यक्रम उधळून लावायला तो उन-चानला, अर्थात मुलगा समजून, आपला प्रियकर म्हणून उभं करतो आणि त्याचे पैसे देतो. मग आजी त्याला एक मोडकळीला आलेलं कॉफीचं दुकान देते : तीन महिन्यांत विक्री तिप्पट करून दाखव. तो ठरवतो की दुकानात फक्त देखणे तरुण पुरुषच कामाला ठेवायचे. उन-चानला नोकरीची नितांत गरज असते. म्हणून ती खरं सांगत नाही.

पुढचं सगळं या एका न सांगण्यातून घडतं.

मुलगी मुलगा म्हणून वावरते आणि कुणालाच कळत नाही? हे पटतं का?

मला पटलं, आणि त्याचं बरंचसं श्रेय युन उन-हे या अभिनेत्रीला आहे. त्याआधी ती 'बेबी व्ही.ओ.एक्स.' या मुलींच्या गायक चमूत होती आणि २००६ च्या एका राजवाड्यातल्या मालिकेत युवराज्ञी झाली होती. त्यानंतर तिने केस कापून, खांदे पाडून ही भूमिका केली. ती पुरुषी आवाज काढायच्या फंदात पडत नाही. ती बसते कशी, जेवते कशी, जिने कशी चढते यात सगळं आहे. डिलिव्हरीच्या मोटारसायकलवरून उतरून, जेवणाचा डबा घेऊन धावणाऱ्या माणसाकडे आपण कितीसं निरखून बघतो? मालिकेचा तर्क एवढाच आहे आणि तो खरा आहे. या भूमिकेसाठी २००८ च्या बेकसांग या कोरियन चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कारांत तिला दूरचित्रवाणीतली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरवण्यात आलं.

शिवाय कुणालाच कळत नाही असंही नाही. मालिकेतल्या बऱ्याच जणांना ते एकेक करून कळत जातं. फक्त हान-ग्योलला कळत नाही. प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो त्यामुळे.

नायक सुरुवातीला असह्य वाटतो. पुढे सुधारतो का?

सुरुवातीचे तीन-चार भाग तो खरोखरच नकोसा वाटतो. माणसांना पैशाने नाचवतो, ओरडतो, हाताला धरून ओढतो. ते ओढणं त्या काळातल्या कोरियन मालिकांमध्ये सर्रास दिसतं, आणि आज बघताना खटकतं. खटकायलाच हवं.

पण तो बदलतो कशामुळे, ते बघा. प्रेमात पडला आणि एकदम शहाणा झाला, असं इथे होत नाही. त्याला आधी दुकान चालवावं लागतं. झाडलोट कुणी करायची, गिऱ्हाईक आलंच नाही तर काय करायचं, नोकरांपैकी एकाची घरची अडचण निघाली तर काय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा समजून घ्यावं लागतं. आपल्यापेक्षा पाच वर्षांनी लहान पोरगा (असं तो समजतो) तीन-तीन नोकऱ्या करून घर चालवतोय, हे तो जवळून बघतो. त्याला स्वतःचीच लाज वाटू लागते. प्रेम त्यानंतरचं.

मला ही मालिका आवडते ती याचसाठी. प्रेमकथा म्हणून ती गाजली, पण तिच्या मुळाशी काम आहे. माणसं एका छोट्या दुकानात रोज सोबत काम करतात, एकमेकांचं कसब ओळखतात, आणि त्यातून जीव जडतो. दुकान नसतं तर यांतल्या कुणाही दोघांचं एकमेकांशी पाच मिनिटंही पटलं नसतं.

दहाव्या भागाबद्दल इतकं का बोललं जातं? (कथानक उघड होतं)

कारण तिथे हान-ग्योल निर्णय घेतो, आणि तोवर त्याला खरं माहीत नसतं.

त्याआधीच्या भागांत तो एका मुलाच्या प्रेमात पडलोय या भीतीने अक्षरशः आजारी पडल्यासारखा वागतो. टाळून बघतो, रागावून बघतो. मग एक तोडगा काढतो : आपण मानलेले भाऊ होऊ, तू मला दादा म्हण. हा भाग बघताना पोटात तुटतं. उन-चान ते आनंदाने मान्य करते, कारण तिला त्याच्या जवळ राहायला तेवढं निमित्त पुरतं. तो मात्र तिने दादा म्हटलं की आणखी खचतो.

दहाव्या भागाच्या शेवटी तो येतो आणि सांगून टाकतो की तू पुरुष आहेस की परग्रहावरचा प्राणी आहेस, याची मला आता पर्वा नाही. जमेल तिथवर जाऊ. हान-ग्योल झालेल्या गोंग यूने हे वाक्य घोषणा केल्यासारखं म्हटलेलं नाही. बरेच दिवस न झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याने, हरल्यासारखं म्हटलं आहे. आधी स्वीकार आणि नंतर सत्य, हा क्रम कथेने पाळला म्हणून या प्रसंगाला वजन आलं. उलट झालं असतं, म्हणजे ती मुलगी आहे हे कळल्यावर त्याने सुटकेचा श्वास टाकून प्रेमाची कबुली दिली असती, तर मालिका तिथेच संपली असती.

आणि म्हणूनच सत्य कळल्यावर तो आनंदित न होता भयंकर चिडतो, हेही योग्य आहे. त्याने सगळं पणाला लावलेलं असतं आणि समोरच्या माणसाने त्याला त्या यातनेत एकटं सोडलेलं असतं. उन-चानची बाजू आपल्याला माहीत असते. तिची नोकरी, तिची भीती, 'आज सांगते, उद्या सांगते' म्हणत गेलेले दिवस. तरी त्याचा राग खोटा वाटत नाही. दोघांचंही बरोबर असलेलं भांडण लिहिणं फार कठीण असतं, आणि इथे ते जमलं आहे.

मग समलैंगिक प्रेमाबद्दल मालिका नेमकं काय म्हणते? (कथानक उघड होतं)

हा प्रश्न हल्ली जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. मालिका धीट आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंत. २००७ मध्ये कोरियात रात्री दहाच्या सुमाराला, घरोघरी बघितल्या जाणाऱ्या वाहिनीवर, नायक एका पुरुषावर प्रेम असल्याचं कबूल करतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने उभे राहतात, ही लहान गोष्ट नव्हती. त्याची घुसमट विनोदासाठी वापरलेली नाही. सुरुवातीच्या खोट्या प्रियकराच्या प्रसंगांत तशी गंमत आहे, पण पुढे ती हळूहळू गळून पडते.

मात्र कथेला सुटकेचा दरवाजा पहिल्या भागापासून उघडा आहे. उन-चान मुलगी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, त्यामुळे समाजाला तोंड द्यायची वेळ हान-ग्योलवर खरी येतच नाही. तो ज्या वाटेने निघाला होता त्या वाटेवर मालिका त्याला चालू देत नाही. ज्यांना आयुष्यात हा दरवाजा नसतो अशा प्रेक्षकांना इथे हुरहूर वाटली तर ती रास्त आहे. मला स्वतःला दहावा भाग आणि ही उणीव, दोन्ही एकाच वेळी खरे वाटतात.

हान-सोंग आणि यू-जू यांच्या प्रकरणाची गरज होती का? मुख्य कथेत ते मध्येच येतं.

माझ्या मते मालिकेतला सगळ्यात परिपक्व भाग तोच. बऱ्याच जणांना तो पहिल्या वेळी कंटाळवाणा वाटतो आणि काही वर्षांनी पुन्हा पाहताना तोच जास्त भिडतो.

हान-सोंग हा हान-ग्योलचा चुलतभाऊ, संगीतकार. यू-जू चित्रकार. कित्येक वर्षांचं नातं. ती दुसऱ्यासाठी त्याला सोडून न्यूयॉर्कला गेली आणि आता परत आली आहे. तो तिला घरात घेतो, पण मनातून माफ करू शकत नाही. त्यात पहाटे दूध टाकायला येणारी, त्याच्या भल्यामोठ्या कुत्र्याशी खेळणारी उन-चान त्याला आवडू लागते. हान-ग्योलला पूर्वी यू-जू आवडत असे, हा आणखी एक पीळ.

यातलं कुणीही खलनायक नाही. यू-जूवर कोणताही शिक्का मारण्याचा मोह कथा टाळते. हान-सोंग सभ्य, मृदू, आणि त्याच मृदूपणाने समोरच्याला दुखावणारा. आपण फसवलेले गेलो म्हणून आपल्याला थोडं घसरायचा हक्क आहे, असं त्याला मनातून वाटत असतं. हे त्याच्या तोंडी कुठेही घातलेलं नाही. ते ही भूमिका करणाऱ्या ली सन-ग्युनच्या चेहऱ्यावर आणि त्याच्या त्या खोल, घुमणाऱ्या आवाजात आहे. मालिकेत एक गाणंही त्याने स्वतः गायलं आहे, समुद्रावर जाण्याबद्दलचं. ते ऐकण्यासाठी तरी हे प्रसंग पुढे ढकलू नका.

दुकानात आणखी कोण कोण आहे?

दुकानाचा जुना मालक होंग. गबाळा, आळशी, अंघोळीशी वैर असलेला, आणि कॉफीच्या बाबतीत सगळ्यांचा बाप. ही भूमिका किम चांग-वान यांची. कोरियन रॉक संगीतात त्यांचं नाव फार मोठं आहे. १९७७ मध्ये पुढे आलेल्या 'सानुलिम' या बँडचे ते गायक. तरुण कलाकारांच्या गर्दीत ते ज्या सहजपणे बसतात त्याने दुकानाला घरपण येतं.

सन-गी वॅफल बनवतो, जपानी बोलतो आणि एरवी फारसं बोलत नाही (किम जे-वूक). हा-रिम हान-ग्योलचा मित्र, पोरींच्या मागे असणारा, उन-चानला लाडाने 'माय चान' म्हणणारा (किम डोंग-वूक). मिन-योप अंगाने आडदांड, मनाने लहान मूल, उन-चानच्या बहिणीवर भाळलेला (ली ऑन). चौघं काउंटरमागे एकमेकांना ढकलत, चिडवत काम करत असतात ते प्रसंग पटकथेतले कमी आणि तिथल्या तिथे सुचलेले जास्त वाटतात.

कॉफीबद्दल खरंच काही कळतं, की दुकान नुसतं पार्श्वभूमीला?

कळतं. एस्प्रेसो काढणं, दूध फेसाळणं, हाताने सावकाश पाणी ओतून कॉफी गाळणं, दाणे भाजण्यातला फरक, हे सगळं कामाच्या ओघात येतं. उन-चानच्या जिभेला आणि नाकाला उपजत जाण आहे आणि आपल्याला हे चांगलं येतंय, हे तिला पहिल्यांदा जाणवतं ते या दुकानात. तोपर्यंत तिच्यासाठी काम म्हणजे महिनाअखेरचे पैसे. इथे पहिल्यांदा ती उद्याची वाट बघते. तिच्या प्रेमकथेइतकीच ही कथा मला महत्त्वाची वाटते.

काळही ध्यानात घ्या. कोरियात कॉफी नवी नव्हती. 'दाबांग' नावाची जुनी कॉफीगृहं विसाव्या शतकात गावोगावी होती; तिथे लेखक, विद्यार्थी, बेकार तरुण तासन्तास बसत. राजधानी सोलच्या देहांगनो भागातलं १९५६ पासूनचं 'हाकरिम दाबांग' आजही त्या काळाची खूण म्हणून ओळखलं जातं. काही दाबांगांत सकाळच्या कॉफीत अंड्याचा पिवळा बलक घालून देत. १९७६ मध्ये तोंगसो कंपनीने कॉफी, दूध पावडर आणि साखर एकत्र असलेली पुडी आणली आणि कॉफी घराघरात, ऑफिसात, कारखान्यात पोहोचली. १९९९ मध्ये सोलला इव्हा महिला विद्यापीठाजवळ स्टारबक्सचं कोरियातलं पहिलं दुकान उघडलं. म्हणजे २००७ मध्ये एकीकडे पुडीची गोड कॉफी, दुसरीकडे परदेशी साखळी दुकानं, आणि मध्ये स्वतः दाणे निवडून कॉफी करणारं छोटं दुकान ही कल्पना तशी ताजी. हान-ग्योलला मिळालेलं कळकट, 'राजपुत्र' नावाचं दुकान आणि त्याचं होणारं रूपांतर यात कोरियन कॉफीचा तो सगळा बदल दिसतो. या मालिकेनंतर बरिस्ता, म्हणजे दुकानात कॉफी करणारा कसबी, होण्याचं वेड तिथल्या तरुणांत पसरलं, असं आजही सांगतात.

पाहताना भूक लागते, हे खरं का?

खरं आहे. उन-चान प्रचंड खाते आणि मनापासून खाते. काळ्या सॉसमधल्या जाजांगम्यॉन नूडल्स ती ज्या वेगाने संपवते ते बघून हान-ग्योल थक्क होतो. वॅफलचे प्रसंग रात्री उशिरा बघू नका.

फार संथ आहे का? किती भाग थांबून बघावं?

पहिले दोन भाग गडबडीचे आणि थोडे आरडाओरड्याचे आहेत. तिसऱ्या-चौथ्या भागात दुकान उभं राहतं आणि तिथून मालिकेला तिची चाल सापडते. पाच भाग पाहूनही लळा लागला नाही तर सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका.

शेवटचे तीन-चार भाग मात्र खरोखर रेंगाळतात. मुख्य गाठ सुटलेली असते आणि कथा घरचे लोक, आजीचं आजारपण, हान-ग्योलच्या जन्माचं रहस्य यांकडे वळते. जन्मरहस्य हा कोरियन मालिकांचा जुना सोस, आणि इथे तो नसता तरी चाललं असतं. पण त्या भागांतही एकत्र जेवण, पावसाळी दुपार, दुकान बंद करतानाची आवराआवर असे तुकडे आहेत. ज्यांना दुकानातली माणसं आवडली त्यांना ते जड जात नाहीत.

संगीताबद्दल सांगा.

मालिका घडते होंगिक विद्यापीठाच्या परिसरात, म्हणजे होंगदेत. हा भाग स्वतंत्र वृत्तीच्या छोट्या बँड्सचा, भिंतींवरच्या चित्रांचा आणि कला शिकणाऱ्या मुलांचा. मालिकेचं संगीतही त्याच वातावरणातून आलं. टियरलायनरसारख्या स्वतंत्र संगीतकारांना त्यात जागा मिळाली. गिटार, हलका आवाज, कुजबुजल्यासारखे शब्द. प्रसंग तापला की व्हायोलिनांचा गदारोळ करायची त्या काळातली पद्धत इथे फारशी नाही, आणि त्यामुळे मालिका आजही जुनी वाटत नाही.

घरच्यांसोबत बसून बघता येईल का?

येईल. हिंसा जवळजवळ नाही. चुंबनं आहेत, सिगारेट-दारूचे प्रसंग आहेत, लग्नाआधीच्या संबंधांचा उल्लेख आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत बघताना दहाव्या भागाच्या आसपास प्रश्न येतील. त्यांची उत्तरं द्यायची तयारी ठेवा. आजी-आजोबांना हान-ग्योलची आजी आवडण्याची दाट शक्यता आहे. नातवावर जीव, पण धाक कायम.

शेवट गोड आहे का? (कथानक उघड होतं)

आहे, आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. उन-चान लग्न करून स्थिरावत नाही. ती कॉफीचं शिक्षण घ्यायला इटलीला जाते. हान-ग्योलला ते सोपं जात नाही, तरी तो थांबतो. दोन वर्षांनी ती परत येते, केस वाढलेले, स्वतःचं कसब हातात घेऊन. २००७ च्या मालिकेत नायकाने वाट बघायची आणि नायिकेने शिकायला जायचं, ही मांडणी मला फार मोलाची वाटते. शेवटच्या टप्प्यात टीआरपी पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला होता, म्हणजे प्रेक्षकांनीही ती नाकारली नाही.

कलाकार पुढे काय करतात?

गोंग यू २००८ च्या सुरुवातीला सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. परतल्यावर २०१६ मध्ये 'ट्रेन टू बुसान' हा चित्रपट आणि त्याच वर्षाअखेरीस 'गॉब्लिन' ही मालिका आली. 'स्क्विड गेम'मध्ये सूट घालून कागदी घड्यांचा खेळ खेळायला लावणारा माणूसही तोच. दिग्दर्शक ली युन-जंग यांनी पुढे 'चीज इन द ट्रॅप' (२०१६) केली. किम डोंग-वूक आणि किम जे-वूक दोघंही मुख्य भूमिकांपर्यंत पोहोचले.

दोघं आता नाहीत. मिन-योप झालेला ली ऑन ऑगस्ट २००८ मध्ये, मालिका संपून जेमतेम वर्ष होत असताना, मोटारसायकल अपघातात गेला. ली सन-ग्युनने 'पास्ता', 'माय मिस्टर' या मालिका आणि ऑस्कर मिळवणारा 'पॅरासाइट' अशी कामं केली; डिसेंबर २०२३ मध्ये त्याचं निधन झालं. २०२० मध्ये एमबीसीने कलाकारांना पुन्हा एकत्र आणून एक माहितीपट केला. त्यात सगळे जुने प्रसंग बघताना ली ऑनची आठवण काढतात. मालिका पाहून झाल्यावरच तो बघा. ली सन-ग्युनही त्यात हसत बसलेला दिसतो, आणि आता ते बघणं सोपं नाही.

सोलला गेल्यास चित्रीकरणाच्या जागा बघता येतात का?

दुकानाची इमारत होंगदे भागात आहे. मालिकेनंतर बरीच वर्षं तिथे मालिकेच्याच नावाने कॅफे चालला, आणि यू-जूने भिंतीवर काढलेलं सूर्यफुलांचं चित्र बघायला लोक येत राहिले. होंगदेतली दुकानं भराभर बदलतात, त्यामुळे तिथे पोहोचण्याआधी सध्या काय चालू आहे ते नकाशावर तपासून घ्या. मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावरचं होंगिक विद्यापीठ हे स्थानक.

माझी शिफारस मात्र हान-सोंगच्या घराची. बुआम-दोंग भागात, बुगाक डोंगराच्या उतारावर ते आहे, आणि तिथे 'सानमोतुंगी' नावाचा कॅफे आहे. चढ चांगलाच आहे. वर गेल्यावर सोलची जुनी तटबंदी डोंगराच्या धारेवरून जाताना दिसते. ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या बाजूने बस मिळते.

इतर देशांत रिमेक झाले का?

हो. २०१२ मध्ये फिलिपिन्समध्ये आणि थायलंडमध्ये झाले. आधी मूळच बघा.

कुठे बघायची, आणि कोणत्या भाषेत?

विकीसारख्या कोरियन मालिकांच्या ॲपवर इंग्रजी सबटायटल्ससह ती मिळत आली आहे. प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात, म्हणून आपल्याकडच्या ॲपवर 'कॉफी प्रिन्स' आणि 'फर्स्ट शॉप ऑफ कॉफी प्रिन्स' या दोन्ही नावांनी शोधून बघा. डब केलेली मिळाली तरी मूळ आवाजातच बघा, असा माझा आग्रह आहे. ली सन-ग्युनचा आवाज डबिंगमध्ये हरवला तर अर्धा हान-सोंग हरवतो. युट्यूबवरचे कापून-जोडून केलेले तुकडे तर मुळीच नकोत. दहाव्या भागाचा शेवट आधीच्या नऊ भागांशिवाय बघण्यात काही अर्थ नाही.

ही आवडली. आता कॉफीवरचंच, पण याहून शांत काही आहे का?

आहे, आणि ते फारच कमी लोकांनी पाहिलं आहे. काकाओ टीव्ही या कोरियन ऑनलाइन सेवेवर २०२१ च्या शरदात आलेली एक छोटी मालिका, नावाचा अर्थ 'एक कप कॉफी घ्यायची का?' भाग १२, प्रत्येक सुमारे पंचवीस मिनिटांचा. हो योंग-मान या ज्येष्ठ चित्रकथाकारांच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे. सरकारी नोकरीच्या परीक्षांच्या तयारीत अडकलेला कांग गो-बी एका लहानशा दुकानात एस्प्रेसो पितो, आणि तिथले उस्ताद पार्क सोक यांच्याकडे शिकायला राहतो. ओंग सोंग-वू शिष्य, पार्क हो-सान गुरू. जन्मरहस्य नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही. प्रत्येक भागात एखादं गिऱ्हाईक येतं, त्याची एक अडचण असते, आणि गो-बी कॉफीबद्दल काहीतरी नवं शिकतो. परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये वर्षं घालवलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना पहिला भाग जवळचा वाटेल.

क्रम विचाराल तर 'कॉफी प्रिन्स' आधी, ही नंतर. आठवड्याला दोन भाग बघा, मूळ प्रक्षेपणासारखे. एका दमात संपवायची ही मालिका नाही.